एकट्यानं आवळायचा पट्टा

लक्ष्मीपुरीत शशिधर शेट्यांचं दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला काय बांधायचंय ते विचारायचं आणि मगच दोर काढायचा, ही त्याची पद्धत. म्हशीचा दोर वेगळा, ट्रकवरचा ऊस आवळायचा वेगळा, विहिरीचा वेगळा. "आधी सांगा, बांधायचं काय हाय?" हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा की दुकानातला हमाल आकाराम पाठीमागं त्याची हुबेहूब नक्कल करायचा. दुकानात माणूस मोठा बोलका. गिऱ्हाइकाची टिंगल करेल, चहा पाजेल, भांडेल. संध्याकाळी शटर ओढलं की मात्र त्याचं तोंड जे मिटायचं ते दुसऱ्या दिवशी शटर वर जाईपर्यंत.

घरी बोलायला कोणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण. त्याची बायको शांभवी संकेश्वरची. शेट्यांच्या घरात मराठी-कानडी दोन्ही चालायच्या, पण ती आल्यापासून राजारामपुरीतल्या त्या घरात निव्वळ कानडीच. भांडण कानडीत, लाड कानडीत, भाजीत मीठ कमी पडलं हेही कानडीत. सत्त्याण्णव साली तापाचं निमित्त झालं, ती दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. मूलबाळ नव्हतं. आलेले पाहुणे चार दिवस राहून आपापल्या गावी गेले आणि घरातली कानडी बंद पडली. दुसरं लग्न कर म्हणून लोकांनी पुष्कळ सांगून पाहिलं. तो "बघू की" म्हणायचा, आणि बघू म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

एकटेपणाला लोक उगाच मोठमोठी नावं देतात. शशिधरला तो अगदी फालतू ठिकाणी बोचायचा. पाठीला साबण लावताना. जेवताना काही गमतीचं आठवलं आणि ते कानडीत आठवलं तर. आणि श्रावणाच्या आदल्या आठवड्यात हमखास. गळ्यातल्या इष्टलिंगाचा शिवदोरा दरवर्षी श्रावणाआधी शांभवी स्वतः वळायची, मांडीवर पीळ देऊन, आणि जुना उतरवून नवा त्याच्या गळ्यात घालायची. ती गेली त्या वर्षीचा दोरा त्यानं बदललाच नाही. दोराचा व्यापारी माणूस. जुना दोर वापरू नका म्हणून गिऱ्हाइकाला दम देणार, आणि स्वतःच्या गळ्यात मात्र सूत झिजून केसागत झालेला शिवदोरा.

या माणसानं गाडी पळवायचा नाद कुठून लावून घेतला, हे कोणालाच कळलं नाही. माझ्या मते कारण साधं होतं. घरात बसवत नव्हतं. त्याच्याकडं एक पांढरी मारुती झेन होती आणि रविवारी तो उगाचच गगनबावड्यापर्यंत जाऊन यायचा. तिथं एका हॉटेलात हंबीरराव भेटले. ऊस वाहतुकीचे ट्रक असलेले, आवाज असा की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकावा. कागलच्या पुढं त्यांचा माळ होता, आणि त्या माळावर त्यांनी हौसेनं एक वेडावाकडा डांबरी रस्ता गोल फिरवून घेतला होता. दोन-तीन महिन्यांतून एक रविवार ते तो खुला करायचे. आपली रोजची गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि मनासारखं पळवायचं. शर्यत नाही, बक्षीस नाही. पोरं त्याला ट्रॅक डे म्हणत. "या की पावणं एकदा," हंबीरराव म्हणाले, आणि शशिधर गेला.

गेला तो जातच राहिला. सगळी पोरं पंचविशी-तिशीतली, हा पन्नाशीला टेकलेला. ती त्याला अण्णा म्हणू लागली. वळणावर गाडी फेकली की डोक्यात दुसरं काही राहत नाही, ना दुकान, ना घर, हे त्याला फार आवडलं. पण अडचण एक होती. मारुतीचा साधा पट्टा एका खांद्यावरून येणारा. वळणावर अंग घसरायचं. मग हा डावा गुडघा दाराला लावून... उजवाच तो, आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो... तर उजवा गुडघा दाराला रेटून, स्टेअरिंग घट्ट धरून बसायचा. हंबीररावांनी एकदा ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, "अण्णा, गाडी चालवताय का स्टेअरिंगला लोंबकळताय? धड पट्टा बसवा आधी. मगच जोरात पळवा."

पोरं हसली. शशिधरही हसला. पण त्याच दिवशी त्यानं एक गोष्ट पाहिली, आणि ती त्याच्या मनातून जाईना.

पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा प्रसेनजीत दर वेळी बायकोला, दीप्तीला, घेऊन यायचा. त्याच्या गाडीत दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा पट्टा होता, ज्याला ही पोरं हार्नेस म्हणत. प्रसेनजीत आत बसला की दीप्ती दारात उभी राहायची, एक पाय उंबऱ्याला लावायची आणि दोन्ही हातांनी पट्टे असे ओढायची की नवऱ्याच्या तोंडातून हवाच निघायची. "मारती का काय!" तो ओरडायचा. "मेलास तर कुणाला सांगू?" असं म्हणून ती अजून एक हिसका द्यायची. मग हेल्मेटवर एक टपली. झालं. एवढंच. शशिधर शेजारच्या गाडीत आपला साधा पट्टा खट्कन लावून बसला होता. त्याला त्यांचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या रविवारी तो पुण्याला गेला. गाड्यांचं रेसिंगचं सामान विकणारं एक दुकान प्रसेनजीतनं सांगितलं होतं. जाण्याआधी त्यानं फोनवर समजावलंही होतं, शिक्षकाच्या सवयीनं, एकेक मुद्दा दोनदा. खांद्याचे पट्टे सीटमागं खाली जमिनीला बांधायचे नाहीत. धक्का बसला की खांदे खाली दाबले जातात आणि मणक्याचा भुगा होतो. सीटमागं आडवा दांडा बसवायचा आणि पट्टे सरळ मागं न्यायचे. गाडीतली साधी सीट चालणार नाही, एकसंध पाठीची पाहिजे. मूळचा पट्टा काढायचा नाही, रस्त्यावर तोच लावायचा. आणि पट्ट्यावरची मुदत बघायची, कारण पट्टाही म्हातारा होतो. हे शेवटचं शशिधरला लगेच पटलं.

दुकानदारानं तीन-चार प्रकार काचेवर मांडले. चार टोकांचा, सहा टोकांचा. सहावाल्याचे दोन पट्टे मांड्यांमधून येतात, म्हणजे माणूस खालून सरकत नाही. चारवाल्यात एका खांद्याच्या पट्ट्याला मुद्दाम उसवणारी शिवण असते; धक्का बसला की टाके तुटतात, तो खांदा जरा पुढं येतो आणि अंग खाली घसरायचं टळतं. शशिधरनं ती शिवण अंगठ्यानं चाचपली. आयुष्यभर न तुटणाऱ्या दोराच्या गप्पा मारलेल्या माणसाला तुटण्यासाठीच घातलेले टाके म्हणजे थेट फसवणूक वाटली. मग जरा विचार करून पटली.

"तुमच्या गाडीला कोणता बरा, ते मी सांगतो," दुकानदार म्हणाला.

"ते ऱ्हाऊ द्या," शशिधर म्हणाला. "ह्यातला एकट्यानं आवळता येणारा कंचा?"

दुकानदार थबकला. बहुतेक गिऱ्हाईक मजबुती विचारतं, रंग विचारतं. हे कोणी विचारलं नव्हतं. त्यानं चार टोकांचा निळा पट्टा पुढं केला. टोकं पुढून खाली ओढायची, आपली आपण. "कुणाला सांगायला नको," दुकानदार सहज बोलून गेला. शशिधरनं तोच घेतला. कुणाला सांगायला नको, हाच त्याचा हिशेब होता. त्या माळावर उभं राहून कोणातरी परक्या पोराला "जरा माझा पट्टा वढ रं" म्हणायचं, या नुसत्या विचारानं त्याला घाम फुटायचा. काय बांधायचंय हे न सांगता दोर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं हाकलून दिलं असतं.

दांडा आणि सीट उद्यमनगरच्या एका पोराला घरी बोलावून बसवून घेतली. आणि ट्रॅकवर फजिती नको म्हणून एका रविवारी दुपारी घरामागच्या गॅरेजमध्ये सराव करायचं ठरवलं. अंगात बनियन आणि लेंगा. पन्नाशीचा माणूस उभ्या गाडीत स्वतःला बांधून घेतोय हे शेजाऱ्यांना दिसलं तर सोमवारपर्यंत राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्यांना कळेल, म्हणून गॅरेजचं शटर आतून खाली ओढलं. सीटमध्ये बसला. कमरेचा पट्टा लावला, खांद्याचे लावले, पोटावरच्या गोल बकलात एकेक जीभ खट्, खट् बसवली. मग टोकं धरून ओढली. छान आवळले. त्याला आनंद झाला. अजून ओढली. अंग सीटला चिकटून बसलं. दीप्तीनं ओढल्यावर प्रसेनजीतच्या तोंडून जसा आवाज निघायचा, तसा आवाज त्यानं मुद्दाम काढून पाहिला. बंद गॅरेजात तो फारच विचित्र वाटला.

मग सोडायला बकल फिरवलं. ते फिरेना.

खाली पाहिलं तेव्हा कळलं. बनियनवर लोंबणारा शिवदोरा पट्ट्याच्या जिभेबरोबर बकलात ओढला गेला होता. दोऱ्याची गाठ आत अडकली होती आणि लिंग ठेवायची चांदीची डबी, म्हणजे करडगी, पोटाशी बकलाला चिकटून बसली होती. असली चूक पुण्यामुंबईच्या रेसरला करायची म्हटली तरी जमली नसती. त्याला गळ्यात लिंग पाहिजे. शशिधरनं बकल डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं, ठोकलं. कमरेचे पट्टे सैल करावेत तर त्यांच्या कड्या सीट आणि दाराच्या फटीत. दोन बोटं जेमतेम शिरत, जोर लागत नव्हता. खांद्याचे सैल झाले, पण नुसते खांदे सुटून उपयोग काय? कमरेपासून तो सीटला जखडलेलाच.

आधी त्याला हसू आलं. मग त्यानं हाक मारली. डावीकडच्या घरात क्रिकेटची मॅच लागली होती. तिथून एकदम आरडाओरडा झाला आणि त्यात त्याची हाक बुडाली. हॉर्न वाजवावा तर गाडीची बॅटरी उद्यमनगरच्या पोरानं काम करताना सोडून ठेवलेली, ती त्यानं जोडलीच नव्हती. एकदा घरात फोन वाजला. बराच वेळ वाजला. कोण असेल? त्याला बरं वाटलं, कोणीतरी आहे जे आपल्याला रविवारी फोन करतं. फोन थांबला आणि पुन्हा वाजला नाही.

उन्हानं पत्रा तापला. बनियन भिजलं. आता त्याच्या मनात हिशेब सुरू झाला. आज रविवार, म्हणजे कोणी येणार नाही. उद्या दुकान उघडलं नाही तर आकाराम शटरपुढं बसून राहील. बारापर्यंत बसेल. मालक गावाला गेले असतील म्हणून घरी जाईल. परवाही तसंच. किती दिवसांनी कोणाला शंका येईल? भावाला? तो गडहिंग्लजला, दिवाळीला फोन करणारा. शशिधर एकेक माणूस मनात आणत गेला आणि एकेक बाजूला ठेवत गेला, आणि थोड्या वेळानं बाजूला ठेवायला माणूसच उरला नाही. मरणाची भीती त्याला वाटली नाही. पण आपण नाहीसे झालो तर दोन-तीन दिवस कोणाचं काही अडणार नाही, हे कळलं तेव्हा तो लहान मुलासारखा घाबरला. मग तो ओरडू लागला. आधी मराठीत. मग त्याला न कळत कानडीत, "यारादरू बर्री! यारादरू बर्री!" कोणीतरी या म्हणून. कित्येक वर्षांत त्या घरात कोणी एवढ्या मोठ्यानं कानडी बोललं नव्हतं.

कोणी आलं नाही.

गाठ अडकली तर दोर एका बाजूनं कापायचा आणि दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायचा, हे तो गिऱ्हाइकांना शेकडो वेळा सांगत आला होता. ते त्याला केव्हाच सुचलं होतं. पण कापायचा तो दोर शांभवीच्या मांडीवर वळलेला.  शेवटी त्यानं मान खाली घातली, करडगी एका मुठीत घट्ट धरली आणि दोरा दातांत घेतला. झिजलेलं सूत, काहीच त्रास न देता तुटलं. त्याचं त्याला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या टोकानं गाठ बाहेर आली, बकल फिरलं, पट्टे दोन्ही बाजूंना गळून पडले. तो मोकळा झाला आणि मोकळा झाल्यावर, लिंग छातीशी धरून, गाडीतच ढसाढसा रडला. बायको गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा त्याला असं रडता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मठात जाऊन त्यानं स्वामींना झालं ते सांगितलं. स्वामी हसले नाहीत. नवा दोरा गळ्यात घालून दिला आणि म्हणाले, "जरा आखूड ठेव."  आता करडगी गळ्याच्या खाली, बनियनच्या आत राहू लागली.

हार्नेस मात्र तो परत पुण्याला घेऊन गेला.

"का हो, बिघडला?" दुकानदारानं विचारलं.

"न्हाय. बदलून द्या. तो सहा टोकांचा दावा."

दुकानदारानं तो काढला. त्याची आवळायची टोकं वर, खांद्याजवळ होती. "हा पकडतो चांगला. पण आधीच सांगतो साहेब, बसलेल्या माणसाला स्वतःला ओढून जोर लागत नाही. बाहेरून कोणीतरी लागतं. तुम्ही तर मागच्या वेळी…" तो थांबला. "आहे ना कोणी बरोबर?"

"हाय की," शशिधर म्हणाला. "घरातली मंडळी असत्यात."

एवढं धडधडीत खोटं तो दुकानात कधी बोलला नव्हता. परतताना कात्रजपासून कराडपर्यंत त्याला स्वतःचा राग येत राहिला. घरातली मंडळी! कुठली मंडळी? एका आवळणाऱ्या पट्ट्यानं दुपारभर धरून ठेवलं, आणि हा शहाणा एकट्यानं न आवळणारा घेऊन चाललाय. पण सातारच्या पुढं गाडी वळवून परत जावं असं काही त्याला वाटलं नाही.

पुढचा ट्रॅक डे पावसाळा सरल्यावर आला. माळावर गवत अजून हिरवं होतं, डांबर वाळलेलं. शशिधर पहाटेच निघून सगळ्यांच्या आधी पोहोचला. पोरं जमली. हंबीररावांनी नवा पट्टा वाकून पाहिला, दांडा हलवून पाहिला, "आत्ता कसं!" म्हणून त्याच्या पाठीत धपका घातला आणि दुसऱ्या गाडीकडं गेले. शशिधर सीटमध्ये बसला. मांड्यांमधले पट्टे लावले, कमरेचे आवळले, खांद्याचे बकलात बसवले. दोरा आत आहे ना ते दोनदा चाचपलं. खांद्यावरचे पट्टे सैल होते. त्यानं स्वतः ओढून पाहिले. दुकानदार खरं बोलला होता. जोर लागत नव्हता.

पहिल्या फेरीच्या गाड्या रांगेला लागू लागल्या. शेजारी दीप्ती प्रसेनजीतचे पट्टे ओढत होती, त्याचं ओरडणं चाललं होतं. शशिधर समोर बघत बसला. आत्ता म्हणू, मग म्हणू.  अख्ख्या लक्ष्मीपुरीत ज्याचं तोंड बंद होत नाही, त्या माणसाला चार शब्द जमेनात. उतरून जावं, पोटात दुखतंय म्हणावं, असंही मनात आलं. त्याचा हात बकलावर गेला. प्रसेनजीतची गाडी सुरू झाली, हलली, पुढं गेली. दीप्ती हात झटकत मागं फिरली आणि सावलीकडं चालू लागली.

"ताई," शशिधर म्हणाला. आवाज निघालाच नाही. मग तो एकदम ओरडला, म्हैस सुटल्यावर ओरडावं तसा. "ओ ताई! दीप्तीताई!"

ती दचकून वळली.

"माझा पन जरा पट्टा वढता का? मला एकट्याला… एकट्याला जमत न्हाय."

"एवढंच व्हय? मग आधी न्हाय का सांगायचं, अण्णा!" ती आली, पाय उंबऱ्याला लावला आणि दोन्ही हातांनी टोकं धरून ओढली. पट्टे खांद्यावर बसले. तिनं परत हिसका दिला. पाठ सीटला टेकली, खांदे दोन्ही बाजूंनी धरले गेले, छातीतली हवा निघाली. सात वर्षांत शशिधरला कोणी असं धरलं नव्हतं. धपके घातले होते, हात मिळवले होते. धरलं नव्हतं.

"बास? लागतंय का कुठं?"

"न्हाय," तो म्हणाला. हेल्मेटच्या आत त्याचे डोळे भरून आले होते. "आनि जरा."

तिनं ओढलं. "आता?"

"आनि थोडं."

दीप्तीनं त्याच्याकडं पाहिलं. पट्ट्यात आता ओढायला काही शिल्लक नव्हतं, हे तिच्या हातांना कळत होतं. पुढून हंबीरराव "चला, अण्णा, चला!" म्हणून ओरडत होते. तिनं त्यांना हातानं थांबा म्हणून खुणावलं, पुन्हा दोन्ही टोकं धरली, आणि न ओढता, तशीच घट्ट धरून उभी राहिली.